पहिल्या नजरेत काय कळतं? : यवतमाळच्या कॉलेजातले कपडे

यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहारा एमआयडीसीत १९९६ पासून डेनिम विणलं जातं. रेमंडने हा कारखाना काढला, २००६ मध्ये बेल्जियमच्या युको कंपनीशी भागीदारी झाली आणि यवतमाळचं निळं कापड परदेशातही जाऊ लागलं. कारखान्याच्या चहूबाजूंना कपाशीचा मुलूख. त्या कपाशीवर ज्यांचं घर चालतं अशी मुलं-मुली रोज सकाळी एसटी धरून यवतमाळच्या अमोलकचंद महाविद्यालयात, पुसदच्या फुलसिंग नाईक महाविद्यालयात, वणीच्या लोकमान्य टिळक महाविद्यालयात येतात. हे प्रकरण त्यांच्या कपड्यांविषयी आहे.

कॉलेजच्या मुलांचे कपडे म्हटलं की मोठी माणसं लगेच सिनेमा, मोबाइल, फॅशन यांवर येतात. ते सगळं आहेच. पण खेड्यातून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कॉलेजात येणारं पोर सकाळी खुंटीवरचा शर्ट काढतं, तेव्हा त्याच्यापुढे आणखी एक प्रश्न असतो : आज आपल्याबद्दल लोकांना काय कळू द्यायचं आणि काय नाही? यवतमाळसारख्या जिल्ह्यात या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग जास्त वजनदार आहे, असं माझं ठाम मत आहे. गाव कोणतं, जात कोणती, तांड्यावरचा की गावठाणातला, बापाची शेती किती, यंदा कापूस झाला की बोंडअळीने खाल्ला, यातलं काहीच पहिल्या नजरेत कळू नये असा कपडा ही मुलं शोधत असतात.

सुरुवात पैशापासून करू. कापूसवाल्या घरात नवे कपडे वर्षभर केव्हाही येत नाहीत. वेचणी दसऱ्याच्या मागेपुढे सुरू होते, माल बाजारात जाऊन पैसा हातात यायला त्याहून उशीर लागतो. दिवाळी लवकर आली तर कापूस झाडावरच असतो. कॉलेज मात्र जून-जुलैत उघडतं, म्हणजे घरातला होता नव्हता तो पैसा बियाण्यात आणि खतात गेलेला असतो त्याच दिवसांत. त्यामुळे पहिल्या वर्षाला आलेलं पोर बहुधा मागच्या लग्नसराईत घेतलेले कपडे घालून येतं. मावसबहिणीच्या लग्नातला चमकदार शर्ट, जरीची किनार असलेला पंजाबी ड्रेस. घरातला तोच सगळ्यात चांगला कपडा, म्हणून पहिल्या दिवशी तोच. वर्गात गेल्यावर कळतं की शहरातली मुलं साध्या, धुऊन मऊ पडलेल्या टी-शर्टात बसली आहेत आणि आपण एकटेच नटून आलो आहोत. हे कोणी शिकवत नाही. पण पंधरा-वीस दिवसांत लग्नातला कपडा पेटीत जातो आणि ते पोर साधेपणाची भाषा शिकतं. हा साधेपणाही विकत घ्यावा लागतो, हे त्यातलं खरं दुखणं. अलीकडे मीशोसारख्या अॅपवरून खेड्यातही पार्सल येतं, पैसे वस्तू हातात आल्यावर द्यायचे, म्हणून मुलांना थोडा दिलासा मिळाला आहे. तालुक्याच्या दुकानदाराने गळ्यात मारलेलंच घ्यायचं, ही सक्ती तरी सुटली.

मुलींच्या बाबतीत हिशेब आणखी गुंतागुंतीचा असतो, कारण त्यांच्या एकाच पोशाखाला दिवसभरात तीन ठिकाणी पास व्हावं लागतं : घरच्या दारात, एसटीत आणि वर्गात. राज्यात बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास आहे, आणि मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना अर्धं तिकीट आहे. या दोन गोष्टींनी खेड्यातल्या कितीतरी मुलींना कॉलेजपर्यंत आणून पोचवलं. पण एसटी म्हणजे गावचीच माणसं. शेजारचे काका, मामाच्या गावचे कोणी, ग्रामपंचायतीतला सदस्य. कॉलेजात काय घातलं यापेक्षा एसटीत काय घातलं होतं, हे घरी आधी पोचतं.

यातून मुलींनी एक पोशाख स्वतः घडवला आहे आणि मला त्याचं फार कौतुक वाटतं. वर कुर्ती, खाली जीन्स किंवा लेगिंग. कुर्ती गावाला चालते, जीन्स शहराला चालते. वाटाघाटी चालतात त्या कुर्तीच्या लांबीवर. अकरावीला ती गुडघ्याच्या खाली असते आणि वर ओढणी असते. बारावीत ओढणी गळ्याभोवती एका पदरावर येते. पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत ओढणी दप्तरात जाते आणि कुर्ती गुडघ्याच्या चार बोटं वर सरकते. दर टप्प्यावर आईला विचारलेलं असतं, थोडं रुसलेलं असतं, मोठ्या बहिणीने मध्यस्थी केलेली असते. मुलाला यातलं काही करावं लागत नाही. तो बर्मुडा घालून स्टँडवर उभा राहिला तरी बापाच्या कानावर ते जात नाही. हा फरक कोणी नाकारू नये.

आता स्टोल. विदर्भात उन्हाळ्यात गाडीवरची मुलगी पाहिली की फक्त डोळे दिसतात. लांबट सुती कपडा घ्यायचा. मधला भाग भुवयांपर्यंत कपाळावर ओढायचा, दोन्ही टोकं मानेमागे नेऊन आवळायची. मग एक टोक पुढे आणून नाकावरून दुसऱ्या कानामागे न्यायचं आणि तिथे खोचायचं किंवा पिन लावायची. उरलेलं टोक गळ्याभोवती. त्यावर गॉगल, अंगात पांढरा सनकोट, हातात कोपरापर्यंतचे मोजे. सरावलेली मुलगी हे सगळं हलत्या एसटीत, आरशाशिवाय, उभ्याउभ्या उरकते. घरून निघताना आईचं सांगणं ठरलेलं : "तोंडाले बांधून जाय वं, ऊन लय हाय."

ऊन खरंच आहे. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ अंशांना टेकतो आणि विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा त्याच दिवसांच्या आसपास येतात. सुती कपडा घाम शोषतो, तो घाम वाऱ्यावर उडतो तेव्हा कातडीला गारवा मिळतो. पॉलिस्टरचा स्टोल दिसायला झुळझुळीत, पण घाम पिऊन घेत नाही, म्हणून जाणत्या मुली सुतीच घेतात. कोळशाच्या ट्रकांनी उडालेल्या वणीकडच्या धुळीसाठीही तो लागतो. तिसरं कारण मुली आपसांत बोलतात, घरी बोलत नाहीत : स्टोल बांधला की ओळखू येत नाही. मैत्रिणीच्या भावाच्या गाडीवर बसून परीक्षेला गेलं, चौकात थांबून पाणीपुरी खाल्ली, वर्गातल्या मुलाशी दोन मिनिटं बोललं, तर ते गावात पोचत नाही. काही जण त्यावरून मुलींवरच संशय घेतात. मला मात्र लाज वाटते ती आपल्या रस्त्यांची. चौकात निवांत उभं राहायला मुलीला तोंड झाकावं लागत असेल, तर दोष तिच्या स्टोलचा कसा?

कॉलेजच्या फाटकात स्टोल सुटतो आणि दुसरी भीती सुरू होते. सगळे आपल्याकडेच बघतायत. या भीतीवर मानसशास्त्रात एक छान प्रयोग झालेला आहे. थॉमस गिलोविच, व्हिक्टोरिया मेडवेक आणि केनेथ सॅवित्स्की यांनी तो अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर केला आणि २००० साली प्रसिद्ध केला. बॅरी मॅनिलो हा तेव्हाच्या मुलांच्या लेखी जुनाट झालेला गायक. त्याचं चित्र असलेला टी-शर्ट घालून एकेकाला भरल्या खोलीत पाठवलं. बाहेर आल्यावर विचारलं, तुझ्या टी-शर्टवर कोण आहे हे किती जणांच्या लक्षात आलं असेल? मुलांचा अंदाज होता साधारण निम्म्यांच्या. प्रत्यक्षात जेमतेम पाव जणांच्या लक्षात आलं होतं. आपल्या अंगावरच्या कपड्याची जितकी जाणीव आपल्याला असते, तितकी इतरांना नसते. कारण त्या वेळी तेही आपापल्या कपड्यांच्या काळजीत असतात.

पहिल्या वर्षाच्या वर्गात हा प्रयोग आवर्जून सांगितला जावा. चपलेचा अंगठा तुटलाय आणि खिळ्याने जोडलाय म्हणून शेवटच्या बाकावर बसणारी मुलं प्रत्येक कॉलेजात असतात. त्यांना कोणीतरी सांगायला हवं की ती चप्पल तुझ्याशिवाय फार थोड्यांना दिसते आहे. अर्थात तालुक्याचं कॉलेज लहान असतं, माणसं एकमेकांच्या ओळखीची असतात, त्यामुळे इथे प्रमाण कॉर्नेलपेक्षा जास्त निघू शकेल. तरी भीतीएवढं नक्की नसेल.

आणि या भीतीवरचं आपल्या मुलांनी शोधलेलं औषध म्हणजे जीन्स.

डेनिममध्ये उभा धागा निळा आणि आडवा धागा पांढरा असतो. तो असा विणतात की वरच्या बाजूला निळाच जास्त दिसतो, म्हणून जीन्स उलटी केली की पांढुरकी दिसते. निळा रंग म्हणजे नीळ. एकेकाळी ती झाडापासून काढत, १८९७ पासून जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कारखान्यात बनवून विकायला काढली. नीळ पाण्यात विरघळत नाही. रसायनं घालून तिला आधी विरघळणाऱ्या रूपात आणतात, तेव्हा ती पिवळसर हिरवी होते. धाग्याचे दोर त्यात बुडवायचे, बाहेर काढून हवेत धरायचे. हवेतल्या प्राणवायूने हिरवा धागा डोळ्यांदेखत निळा होत जातो. पुन्हा बुडवायचा, पुन्हा हवा. असं अनेकदा केलं तरी रंग धाग्याच्या बाहेरच्या थरातच राहतो, गाभा पांढरा. म्हणून घासलं गेलं की जीन्स गुडघ्यावर, मांडीवर फिकी पडते, आणि फिकी पडलेली जीन्स जुनी दिसण्याऐवजी जास्त चांगली दिसते. लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी १८७३ मध्ये खिशांना तांब्याच्या रिव्हेटा ठोकून जी पँट पेटंट केली ती मजुरांसाठी होती. जुनं झाल्यावर किंमत वाढणारा कपडा गरिबाच्या पोराला मिळणं, ही मोठी सोय झाली.

वसतिगृहातल्या मुलाला विचारा. जीन्सला इस्त्री लागत नाही. मळ दिसत नाही. एक जीन्स आठवडाभर घातली तरी वर शर्ट बदलला की भागतं. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही यवतमाळ शहराला पाणी देणारी धरणं आटली तेव्हा शहरात पाण्यासाठी हाल झाले. अशा शहरात कमी धुवायला लागणारा कपडा चालणारच. त्याचे तोटेही आहेत. पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही आणि मे महिन्यात पायांना घामोळं येतं. तरी मुलं ती सोडत नाहीत, कारण जीन्स घातलेल्या पोराकडे बघून तो झरी जामणीचा की यवतमाळच्या आर्णी रोडचा, हे सांगता येत नाही.

एक हिशेब मात्र प्रत्येक कापूसवाल्या घरातल्या मुलाने एकदा करून पाहावा. एका जीन्सला साधारण पाऊण किलो रुई धरली, तर कापसातून रुई निघते सुमारे एक-तृतीयांश, बाकी बहुतेक सरकी. म्हणजे सव्वादोन किलो कापूस. २०२४-२५ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. त्या भावाने हा कापूस सुमारे १७० रुपयांचा. दुकानात ९०० रुपयांची जीन्स घ्यायची तर बापाला बारा किलो कापूस विकावा लागतो. जिनिंग, सूतकताई, रंगाई, विणकाम, शिलाई, दुकान, जाहिरात यांचं मोल मधे लागतं हे खरं. पण ते बहुतेक मोल जिल्ह्याबाहेर लागतं, हेही खरं. मुर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची शकुंतला रेल्वे इंग्रजांच्या काळात इथला कापूस बाहेर न्यायलाच टाकली होती. विणलेलं कापड परत येई. लोहाऱ्याच्या डेनिमने त्या साखळीतली एक कडी तरी जिल्ह्यात आणली. इथल्याच जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालयात वस्त्र अभियांत्रिकीची शाखा निघाली, ती याच दृष्टीने महत्त्वाची.

कपड्यावरून ओळख पटू नये, ही इच्छा वरवरची नाही. आपल्याकडे शतकानुशतकं कपडा ओळख पटवण्यासाठीच वापरला गेला. कोणत्या जातीच्या बाईने लुगडं कुठपर्यंत नेसायचं, कोणी चांदी घालायची आणि कोणी कथलाचे दागिने, हे ठरलेलं होतं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या बायांना मुद्दाम याविषयी सांगितलं. अस्पृश्यतेची खूण म्हणून ओळखली जाणारी लुगडं नेसण्याची पद्धत आणि अंगभर घालायचे ते जड दागिने टाकून द्या, असं त्यांचं सांगणं होतं. सत्याग्रहाच्या परिषदेत लुगड्याची गोष्ट निघाली, कारण ती रोजच्या अपमानाची गोष्ट होती. विदर्भात आजही आंबेडकरी घरातला मुलगा कॉलेजात नीटनेटका, इस्त्रीच्या कपड्यात जातो, त्यामागे हा वारसा आहे. त्याला 'टापटिपीचा शौक' म्हणणाऱ्यांना तो कळलेला नसतो.

पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी, महागाव या भागांत बंजारा तांडे पुष्कळ आहेत. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक नागपूरला जाऊन शिकले आणि १९६३ ते १९७५ राज्याचे मुख्यमंत्री होते. तांड्यातल्या शिक्षणाला त्या घराण्याने मोठं बळ दिलं. बंजारा बाईचा पोशाख म्हणजे घेरदार फेटिया, आरसे आणि भरतकाम असलेली कांचळी, डोक्यावर टुकरी. पाहणाऱ्याच्या डोळ्यांचं पारणं फिटतं. पण याच पोशाखाने तांड्यावरची बाई बाजारात दुरून ओळखू येई आणि विमुक्त म्हणून नोंदल्या गेलेल्या समाजाकडे गाव कोणत्या नजरेने बघे, हे जुन्या माणसांना विचारावं. म्हणून आज कॉलेजात जाणारी तांड्यावरची मुलगी रोज कुर्ती-लेगिंगमध्ये असते. फेटिया घरी, आजीच्या पेटीत.

मग गॅदरिंग येतं आणि ट्रॅडिशनल डे जाहीर होतो. आदल्या दिवशी मैत्रिणींत एकच विषय, "उद्या काय घालून येऊन राहिली वं?" कोणी आईची नऊवारी आणते, कोणी फेटा बांधून घेते. आणि तांड्यावरची मुलगी आजीची कांचळी घालून स्टेजवर येते. टाळ्या पडतात, फोटो निघतात. दोनशे तीस दिवस जी ओळख झाकली ती एक दिवस सगळ्यांसमोर मिरवते. यात विसंगती आहे असं काहींना वाटतं, मला वाटत नाही. ओळख दुसऱ्याने लादली की ओझं होतं, आपण निवडली की दागिना होतो. तीच कांचळी, तेच आरसे. कोणत्या दिवशी घालायची हे तिने ठरवलं, एवढाच फरक, आणि तो फार मोठा आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ जॉर्ज झिमेल यांनी १९०४ मध्ये फॅशनवर निबंध लिहिला. माणसाला चारचौघांसारखंही दिसायचं असतं आणि वेगळंही, या दोन ओढींतून फॅशन चालते, अशी त्यांची मांडणी होती. आपल्या कॉलेजांनी या दोन ओढी कॅलेंडरवर वाटून टाकल्या आहेत.

राहिला कॉलेजचा नियम. काही नियमांबद्दल वादच नको. कार्यशाळेत लेथजवळ लोंबती ओढणी किंवा सैल बाही चालणार नाही, जिवाशी खेळ आहे. प्रयोगशाळेत सुती अॅप्रन हवा, कारण पेट घेतल्यावर पॉलिस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलांना पांढऱ्या अॅप्रनचं केवढं अप्रूप असतं, ते शहरात दिसतंच. अॅडम आणि गॅलिन्स्की या संशोधकांनी २०१२ मध्ये असा दावा केला होता की डॉक्टरचा म्हणून दिलेला कोट घातला की माणसाचं लक्ष जास्त एकाग्र होतं. २०१९ मध्ये इतरांनी त्यातला एक प्रयोग जास्त काटेकोरपणे पुन्हा केला तेव्हा तो परिणाम आढळला नाही. तेव्हा कपड्याने अभ्यास सुधारतो, हे कारण देऊन कोणी गणवेश लादू नये.

मुंबईत चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयाने हिजाब, नकाब, टोपी, बॅज यांना मनाई केली, त्याविरुद्ध नऊ विद्यार्थिनी न्यायालयात गेल्या. २६ जून २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. लगोलग कॉलेजने फाटक्या जीन्स आणि टी-शर्टवरही बंदी घातली. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बॅजवरच्या मनाईला अंतरिम स्थगिती दिली. कपड्यावरून धर्म कळू नये म्हणून बंदी, हा कॉलेजचा युक्तिवाद होता. नाव वाचलं की धर्म कळतोच, मग कपड्यावर बंदी कशाला, हा न्यायमूर्तींनी विचारलेला प्रश्न मला पटतो. ओळख झाकायची की दाखवायची, हे विद्यार्थ्याने ठरवायचं. कॉलेजने ते त्याच्यासाठी ठरवलं की पुन्हा जुन्या लादलेल्या लुगड्याचाच प्रकार होतो, मग हेतू कितीही चांगला असो.

सरसकट एकच गणवेश असावा, त्याने गरीब-श्रीमंत दिसत नाही, असं म्हणणारे प्राध्यापक मला भेटतात. कनिष्ठ महाविद्यालयापुरतं त्यात तथ्य आहे आणि अनेक पालकांनाही ते हवं असतं. त्यांना माझी एकच विनंती. नियम काढण्याआधी पहिल्या वर्षाच्या मुला-मुलींना, विशेषतः एसटीने येणाऱ्यांना, बसवून विचारा. कापड सुती घ्या, मेमध्ये ते तुम्हाला घालायचं नाही, त्यांना घालायचं आहे. मुलींच्या खोलीत पाणी, आरसा आणि खुंट्या द्या. आणि गणवेश घेण्याची शेवटची तारीख जुलैत ठेवू नका, डिसेंबरात ठेवा, तोवर घरात कापसाचे पैसे आलेले असतात.